सात चित्रे आणि एक नकार

2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊमधली ‘जिप्सी छावणी’ रिकामी करण्यात आली. उरलेल्या हजारो रोमांना, त्यात बहुतांश बायका, मुले आणि म्हातारी माणसे, वायुकक्षात मारण्यात आले. युरोपीय संसदेने 2015 मध्ये हा दिवस रोमा वंशसंहाराचा स्मृतिदिन म्हणून मान्य केला. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या या लोकांच्या स्मृतिदिनाची आपल्याकडे दोन ओळींची बातमीही होत नाही, ते असो. त्या छावणीतली सात व्यक्तिचित्रे मात्र वाचली. ती कोणाची, हा वाद चित्रकर्तीच्या मृत्यूनंतरही मिटलेला नाही.

दीना गॉटलिबोवा ही चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची ज्यू तरुणी, चित्रकलेची विद्यार्थिनी. आईसोबत तिला ऑशविट्झला आणले होते. मुलांच्या बराकीची भिंत थोडी उजळावी म्हणून तिने तिथे डिस्नेच्या हिमगौरीचे चित्र काढले आणि त्याची खबर छावणीतला नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याच्यापर्यंत गेली. रोमांच्या कातडीची छटा कॅमेऱ्यात नीट उतरत नाही, ही त्याची तक्रार होती. आपल्या वंशशास्त्रीय थोतांडासाठी त्याला हाताने रंगवलेले चेहरे हवे होते. आईला मारणार असाल तर विजेच्या तारेला जाऊन भिडेन, असे या पोरीने त्याला तोंडावर सांगितले. मार्च 1944 मध्ये तिच्याबरोबर आलेल्या सुमारे 3,800 माणसांना मारले गेले. मायलेकी वाचल्या.

या चित्रांतले एक सेलीन नावाच्या तरुण फ्रेंच रोमा बाईचे आहे. डोक्यावर निळा रुमाल, नजर खाली. तिचे तान्हे मूल नुकतेच गेले होते आणि छावणीतला काळा पाव तिच्या घशाखाली उतरत नव्हता. दीनाने तिच्यासाठी पांढरा पाव मिळवला आणि जमेल तेवढे हळू रंगवले, चित्र लांबले तेवढीच तिला उसंत. मेंगेलेने रुमाल मागे सारायला लावून एक कान उघडा करून घेतला. त्याच्या लेखी ती बाई म्हणजे कान, नाक आणि कातडीचा रंग. चित्रात मात्र एक दुःखी आई उतरली आहे. हुकूम मेंगेलेचा असला तरी चित्र त्याचे नाही, हे समजायला कायद्याचा कीस पाडावा लागत नाही.

युद्धानंतर दीना अमेरिकेत गेल्या आणि कॅलिफोर्नियात अॅनिमेशनचे काम करू लागल्या. ऑशविट्झच्या संग्रहालयाने सहा चित्रे 1963 मध्ये छावणीतून वाचलेल्या एका व्यक्तीकडून विकत घेतली, सातवे 1977 मध्ये. चित्रांवर ‘दीना 1944’ अशी सही होती. तिच्यावरून शोध लागून 1973 मध्ये संग्रहालयाने त्यांना बोलावले. चित्रे घरी न्यायची म्हणून त्या बॅग घेऊनच गेल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. पुढे अमेरिकी काँग्रेसने ठराव केला, शेकडो व्यंगचित्रकारांनी सह्यांचे निवेदन दिले. संग्रहालय प्रतिकृतींपलीकडे सरकले नाही.

संग्रहालयाची बाजू पोकळ नव्हती. ही चित्रे गुन्ह्याचा पुरावा आहेत; एक दिले की उद्या प्रत्येक सुटकेस, प्रत्येक चष्मा मागायला वारस येतील आणि छावणीत मागे नुसत्या भिंती उरतील. रोमा संघटनांचे म्हणणे तर त्याहून वजनदार होते. ज्यांचे फोटोही उरले नाहीत त्यांचे हे चेहरे. ते मेले तिथेच दिसले पाहिजेत. या युक्तिवादापुढे आम्हीही अडखळतो. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबाबत 1998 मध्ये वॉशिंग्टनला 44 देशांनी तत्त्वे मान्य केली खरी, पण ती लुटीच्या मालासाठी. बंदुकीच्या धाकाने काढवून घेतलेल्या कलेचा विचार त्यांत नाही.

पण वाट नव्हतीच असे कसे म्हणावे? 2005 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात एका फ्रेंच गृहस्थांना आपल्या वडिलांची सुटकेस दिसली. ती ऑशविट्झहून उसनी आणलेली होती. ती परत पाठवायला त्यांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जून 2009 मध्ये तडजोड झाली. सुटकेस दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर पॅरिसलाच राहिली. छावणीतल्या वस्तूंचा साठा त्यामुळे काही ओस पडला नाही. पुढच्याच महिन्यात, 29 जुलैला, दीना वारल्या, वय 86.

त्या हयात असताना मूळ चित्रे त्यांच्या हाती द्यायला हवी होती आणि प्रतिकृती संग्रहालयाने ठेवून घ्यायला हव्या होत्या, उलटे नव्हे. पुरावा जपणाऱ्यांनी जिवंत साक्षीदारालाच दारातून परत पाठवावे, ही चूकच. ती वेळ गेली. आता निदान मालकी दीनांच्या मुलींच्या नावे करावी आणि त्यांच्या संमतीने चित्रे रोमांच्या स्मृतीसाठी ऑशविट्झमध्येच मांडावीत. छावण्यांत चित्रे काढलेले जे मोजके कलावंत आज हयात असतील ते नव्वदीच्या पुढचे आहेत. ज्या संग्रहालयांकडे त्यांची कामे आहेत त्यांनी अर्जाची वाट न पाहता आपणहून त्यांचा पत्ता काढावा.