लिहून लिहून झिजलेली चिप

२०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. खोट ब्रेकमध्ये नव्हती, बॅटरीतही नव्हती. डॅशबोर्डच्या पडद्यामागची ८ जीबीची एक मेमरी चिप झिजत होती. ती संपली की पडदा बंद, आणि त्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही बंद.

चिप झिजते कशी? फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा पुसून पुन्हा लिहिता येतो, पण ठरावीक वेळाच. इथे ती मर्यादा सुमारे ३,००० होती. गाडीचा संगणक आपल्या बारीकसारीक नोंदी रोज तिच्यातच लिहीत होता. त्या हिशेबाने पाच-सहा वर्षांत चिप संपणार, हे ठरलेलेच होते. मोटार मात्र त्याहून कितीतरी जास्त वर्षे चालते.

यावरचा उपाय जुनाच आहे. यंत्र चालवणाऱ्या फायली फक्त वाचायच्या, त्यावर लिहायचे नाही. पूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधला मजकूर कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. ती खरी रीड ओन्ली मेमरी, म्हणजे रॉम. आज चिप फ्लॅशचीच असते, पण फायलींचा एक घट्ट गठ्ठा करून तो रोजच्या कामात ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडला जातो. घरातले अनेक वाय-फाय राउटर असेच चालतात. बदलत्या नोंदी तात्पुरत्या मेमरीत किंवा वेगळ्या छोट्या कप्प्यात जातात. म्हणून तर वीज मध्येच गेली तरी राउटर पुन्हा मुकाट्याने सुरू होतो. लिहिता लिहिता वीज गेली असती, तर फाइल अर्धवट राहिली असती.

मग सगळेच कुलूपबंद का करू नये? कारण कुलपाच्या आत चूकही राहते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर बळकावले. तो तात्पुरत्या मेमरीत राहत असल्याने यंत्र बंद करून चालू केले की पुसला जाई. पण कारखान्यातून आलेला पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत परत हजर!

पेसमेकरच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲबट कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी नव्या फर्मवेअरला मंजुरी दिली. जवळ आलेला त्रयस्थ त्यांच्या आज्ञा बदलू शकेल, अशी फट सापडली होती. रुग्णाने डॉक्टरांकडे जायचे, साधारण तीन मिनिटांत काम पूर्ण. तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोके या राखीव पद्धतीवर चाले. प्रोग्रॅम न बदलता येणाऱ्या चिपवर कोरलेला असता, तर ती फट बुजवायला पेसमेकरच बदलावा लागला असता, म्हणजे शस्त्रक्रिया.

माझ्या मते, रोजच्या कामात कुलूप हवे, पण किल्ली निर्मात्याच्या सहीने आलेल्या अपडेटकडेच हवी. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट याच वाटेने जातो. ११ डिसेंबर २०२७ पासून त्याच्या मुख्य तरतुदी लागू होतील, आणि निर्मात्यांना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट द्यावे लागतील. मोटारी आणि वैद्यकीय उपकरणे त्यात नाहीत. त्यांचे नियम तिथे वेगळे आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयांनी मात्र मॉनिटर किंवा इन्फ्युजन पंप घेतानाच दोन गोष्टी लेखी मागाव्यात: आतली मेमरी किती वर्षे टिकेल, आणि अपडेट किती वर्षे मिळतील.