अळी चॉकलेटात, ठपका दुकानदारावर

दिवाळी तोंडावर आली असता, ऑक्टोबर २००३ मध्ये, कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटात अळ्या निघाल्याच्या तक्रारी मुंबईत झाल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तळेगावच्या कारखान्यात तयार झालेला साठा जप्त केला. कंपनीचा खुलासा तत्काळ आला. कारखाना निर्दोष आहे, किरकोळ दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्या वेळचे आयुक्त उत्तम खोब्रागडे यांनी मात्र, अळी साठवणुकीत शिरली असे मानले तरी वेष्टन हवाबंद का नव्हते, हा मुद्दा पुढे केला. त्या मुद्द्यातच साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे.

कोकोच्या बिया शंभर अंशांहून अधिक उष्णतेवर भाजल्या जातात, त्यानंतर त्यांचा लगदा तासन्‌तास गरम ठेवून घोटला जातो. या दिव्यातून कोणताही किडा जिवंत बाहेर पडत नाही. मेलेल्या किड्यांचे तुकडे मात्र उरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर त्याची मर्यादाच आखून दिली आहे. १०० ग्रॅम चॉकलेटात सरासरी ६० वा अधिक कीटकांचे तुकडे, अथवा उंदराचा सरासरी एक केस आढळला, तर कारवाई होते. त्याखाली होत नाही. वाचून शिसारी येईल, पण शेतमालाच्या बाबतीत हे वास्तव आहे. वळवळणारी अळी ही निराळी गोष्ट. ती लादी थंड झाल्यानंतरच आत शिरते. कारखान्याच्या वेष्टन विभागात, गोदामात, मालमोटारीत किंवा दुकानात, कोठेही शिरू शकते. या सर्व ठिकाणी तिला अडवणारी वस्तू एकच, ती म्हणजे वेष्टन. आणि ते ना दुकानदार करतो ना गिऱ्हाईक.

जानेवारी २००४ मध्ये कंपनीने उष्णतेने बंद केलेल्या वर्खावर दुसरे प्लॅस्टिकचे आवरण चढवले आणि अमिताभ बच्चन यांच्याकडून जाहिराती करवून घेतल्या. दोष केवळ दुकानदाराचाच होता, तर कागद बदलण्याची गरज काय होती? या कृतीला आम्ही मूक कबुलीच समजतो. तरीही हा उपाय पुरता ठरला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादेत पुन्हा अशीच तक्रार झाली आणि तेलंगणच्या राज्य प्रयोगशाळेने नमुना खाण्यास असुरक्षित ठरवला.

रायपूरच्या वाचकाने हे प्रकरण परक्या मुलखातले मानू नये. तांदळाच्या पोत्यात जाळी करून राहणारी जी पांढुरकी अळी आपल्या प्रत्येक घरातील गृहिणीला ठाऊक आहे, तीच कोको आणि चॉकलेटवरही जगते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा तिचा प्रवास उबदार हवेत महिना-दीड महिन्यात पुरा होतो. भाताच्या या कोठारात, गुढियारीच्या ठोक बाजारापासून गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत, तांदूळ आणि चॉकलेट एकाच छपराखाली असतात. त्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, तर चॉकलेटातील कोकोची चरबी चौतीसच्या सुमारासच वितळते. वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापून पत्र्याच्या पानठेल्यावर तोच माल विकायला देणे, यात कंपनीची सोय आहे, पानठेलेवाल्याची कोणती?

कायद्याचा काटाही त्याच्याकडे झुकत नाही. १९५४च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात कीड लागलेले अन्न भेसळयुक्तच मानले जाई. विक्रेत्याला सुटका होती, पण त्यासाठी ठोक व्यापाऱ्याचे बिल हमी म्हणून दाखवावे लागे आणि माल योग्य प्रकारे ठेवला होता हेही सिद्ध करावे लागे. ज्याला बिल मिळतच नाही, त्याने काय दाखवावे? ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आलेल्या २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातही ‘योग्य ती दक्षता’ घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार बचाव करणाऱ्यावरच आहे. वकील नेमून तो पेलणे बहुराष्ट्रीय कंपनीला जड नाही.

ग्राहकाचीही गत फारशी बरी नाही. नव्या कायद्याच्या कलम ४० अन्वये त्याला शुल्क भरून अन्नाचे पृथक्करण करून घेता येते, परंतु आपला तसा इरादा आहे हे त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवले पाहिजे! मुलाच्या हट्टापायी दहा रुपयांचे चॉकलेट घेणारा कोणता बाप काउंटरवर अशी घोषणा करील? अळी तर कागद फाडल्यावर दिसते.

जिथे दुकानदाराकडे बोट दाखवायला जागाच नव्हती, तिथे काय झाले तेही पाहावे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये याच कॅडबरीच्या मार्लब्रुक कारखान्यातील गळक्या नळामुळे चॉकलेटात साल्मोनेला जंतू शिरले. कंपनीला हे जानेवारीत कळले होते. दहा लाखांहून अधिक लाद्या बाजारातून परत घेतल्या गेल्या त्या जूनमध्ये. पुढील वर्षी बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने दहा लाख पौंडांचा दंड ठोठावला. आपल्या कायद्यात अन्नात बाह्य पदार्थ सापडल्यास कलम ५४ प्रमाणे दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे, आणि अशा कंपनीच्या जमाखर्चात ती रक्कम शोधूनही सापडायची नाही.

म्हणून छत्तीसगड शासनाकडे आमची मागणी आहे की, सीलबंद मालात कीड आढळल्यास पहिली नोटीस उत्पादकाला निघावी, ठोक व्यापाऱ्याने लहानात लहान विक्रेत्यालाही बिल देणे सक्तीचे करावे आणि ग्राहकाने आणून दिलेला नमुना पूर्वसूचनेची अट न घालता तपासून त्याचा निकाल जाहीर करावा. उन्हाळ्यात पानठेल्यांवर चॉकलेट पुरवायचे, तर ते थंड ठेवण्याची पेटीही कंपनीनेच स्वखर्चाने द्यावी.