लाइन क्लिअर

चालू नोकरी सोडणे आपल्याकडे अजूनही लग्न मोडण्याइतके गंभीर मानले जाते. त्यातून एम. ए. झालेला, कॉलेजात 'सर' म्हणवून घेणारा मुलगा उठून रेल्वेचे सिग्नल सांभाळायला गेला, तर मग विचारायलाच नको. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हेच झाले. इतिहासात एम. ए., सात वर्षे अतिथी व्याख्याता. या 'अतिथी' शब्दाचा आमच्या क्षेत्रात 'केव्हाही जा म्हणता येईल असा' एवढाच अर्थ उरला आहे. वर्षातले दहा महिने पगार आणि मे महिन्यात कोणी ओळखही दाखवत नाही. एकतिसाव्या वर्षी त्याने रेल्वे भरतीची परीक्षा दिली आणि तो स्टेशन मास्तर म्हणून निवडला गेला.

त्याची आई आमच्याकडे आली ती पेढे घेऊन, पण चेहरा पेढ्यांचा नव्हता. "सर, एवढं शिकून हिरवा झेंडाच दाखवायचा होता तर दहावीतच सोडली असती की शाळा. तुम्हीच सांगा आता त्याला." बायकोचे म्हणणे वेगळे होते. रात्रपाळी, आडगावचे स्टेशन आणि तीन वर्षांची मुलगी. सासऱ्यांना मात्र 'सेंट्रल गव्हर्नमेंट' हा शब्द पुरेसा होता. मूळ पगार पस्तीस हजार चारशे रुपये हे कळल्यावर तर त्यांनी बाकीचे ऐकलेच नाही.

स्टेशन मास्तर म्हणजे तिकिटे विकणारा, फलाटावर शिट्टी मारणारा, नाहीतर गाडी लेट का म्हणून विचारले की खेकसणारा, अशी आपली समजूत असते. इंग्लंडात सिग्नल सांभाळणारा हा स्वतंत्र धंदा आहे, त्याला 'सिग्नलर' म्हणतात. आपल्याकडे लहान-मध्यम स्टेशनांवर ते काम स्टेशन मास्तरच करतो. बेळगावहून लोंढ्याकडे किंवा मिरजेकडे जाताना ज्या स्टेशनांवर आपली गाडी थांबतही नाही, तिथल्या खोलीत एक माणूस बसलेला असतो. त्याने पुढच्या स्टेशनाला विचारलेले असते, पुढच्याने हो म्हटलेले असते, म्हणून आपण झोपेत पुढे सरकतो.

या 'हो'ला रेल्वेच्या भाषेत लाइन क्लिअर म्हणतात. दोन स्टेशनांमधल्या एका रुळावर एका वेळी एकच गाडी, हे मूळ तत्त्व. नियमात त्याला 'अ‍ॅब्सोल्यूट ब्लॉक' असे नाव आहे. आधीची गाडी पूर्ण आत आल्याची खात्री झाल्याखेरीज, आणि रंगीत दिव्यांच्या सिग्नलांवर पहिल्या थांबा-सिग्नलच्या पुढेही एकशेऐंशी मीटर रूळ मोकळा असल्याखेरीज, लाइन क्लिअर देता येत नाही. गाडी चुकून सिग्नल ओलांडून थोडी पुढे सरकली तरी कशावर आदळू नये, म्हणून हे एकशेऐंशी मीटर. स्टेशने एकमेकांशी घंटेच्या ठोक्यांनी बोलतात. सहा ठोके पडले की समजायचे, पुढे धोका आहे. फाटक बंद झाले का, हे नुसते फोनवर ऐकून चालत नाही. फाटकवाला आपल्याजवळच्या गुप्त तक्त्यातला एक आकडा सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो नोंदवायचा आणि तक्त्यातून खोडायचा. शब्द कानावर चुकीचा पडू शकतो, सवयीने तोंडातून निघू शकतो. आकडा मात्र कागद उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रशिक्षण काही महिन्यांचे होते. तिथून त्याचा फोन आला तो मला चांगला आठवतो. "सर, इथं हुशारी आड येते," तो म्हणाला. नियम शब्दशः लिहायचे. स्वतःच्या शब्दांत छान समजावून सांगितले की गुण जातात. आम्ही सात वर्षे मुलांना सांगत आलो की पाठ करू नका, समजून घ्या, शंका घ्या. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याला उलटे सांगितले गेले. शंका घ्यायचीच, पण नियमावर नव्हे, स्वतःच्या आठवणीवर.

मला हे प्रथम पटले नाही. माणसाला यंत्र करण्याचा हा प्रकार, असे मी त्याला म्हटलेही. त्यावर त्याने मला, इतिहासाच्या माणसाला, इतिहासच सांगितला.

२२ मे १९१५. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेजवळ क्विंटिन्सहिल नावाची एक सिग्नल केबिन होती. रात्रपाळीच्या माणसाने सहाला सुटायचे, पण दोघांत घरगुती समझोता होता. दिवसपाळीचा टिन्सली अर्धा तास उशिरा लोकल गाडीने यायचा. उशीर उघडकीला येऊ नये म्हणून सहानंतरच्या नोंदी रात्रपाळीचा मीकिन सुट्या कागदावर लिहून ठेवायचा आणि टिन्सली त्या आल्यावर स्वतःच्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवायचा. त्या सकाळी बाजूचे रूळ भरलेले होते, म्हणून ही लोकल मुख्य मार्गावरच, केबिनच्या समोर, उभी करून ठेवली. टिन्सली तिच्यातूनच उतरला, केबिनमध्ये आला आणि मागच्या नोंदी उतरवत बसला. लोकलचा फायरमन नियमाप्रमाणे आठवण करून द्यायला वर आला, सही करून गेला. रूळ अडलेला आहे हे लक्षात राहावे म्हणून सिग्नलच्या दांड्यावर एक लोखंडी कडे अडकवायचे असते. ते कोणी अडकवले नाही. आणि टिन्सलीने समोरून सैनिकांच्या गाडीला रस्ता दिला. ज्या गाडीतून तो स्वतः आला होता ती गाडी तो विसरला. सैनिकांची गाडी लोकलवर आदळली, मिनिटाभरात दुसऱ्या बाजूची एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. लाकडी डबे, गॅसचे दिवे, सगळे पेटले. सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेली. दोघांना तुरुंगवास झाला.

"सर, तो मूर्ख नव्हता. नेहमीचं काम नेहमीच्या सफाईनं करत होता," तो म्हणाला. मी गप्प बसलो. समोरचे खिडकीतून दिसणारे सत्य विसरून माणूस मागच्या नोंदींत बुडतो, हे आम्हा प्राध्यापकांना फार परके नाही.

आता ते लोखंडी कडे, ते दांडे बहुतेक ठिकाणी गेले. पॅनेलवर बटणे असतात, किंवा संगणकाचा पडदा. रूळ बरोबर जुळलेला नसेल तर सिग्नल पडतच नाही, अशी व्यवस्था असते. तिला इंटरलॉकिंग म्हणतात. मग माणसाचे काम काय उरले, असा प्रश्न आपल्यासारख्यांना पडतो. पण यंत्र तारांवर चालते आणि तारा माणूस जोडतो. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनजवळ तारांची जोडणी चुकलेली होती. सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता आणि रूळ बाजूच्या मार्गाकडे वळलेला. तिथे उभ्या मालगाडीवर कोरोमंडल एक्सप्रेस आदळली. दोनशे नव्वदहून अधिक माणसे गेली. हे झाले तेव्हा याचे प्रशिक्षण चालू होते. आईने फोन करून परत ये म्हटले. तो आला नाही.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनचा सुमार. मालगाडी न थांबता स्टेशनातून गेली. नियम असा, की गाडीचा शेवटचा डबा, त्याच्या मागचा लाल दिवा किंवा 'एल. व्ही.'ची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. मगच गाडी पूर्ण आली असे मागच्या स्टेशनाला कळवायचे. दिवा दिसला नाही तर काही डबे मागे रुळावर सुटून राहिलेले असू शकतात. पाऊस आडवा होता. याला दिवा दिसला नाही. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या पॉइंट्समनला विचारले. तो वीस वर्षांचा अनुभवी. म्हणाला, "दिवा होता वाटतंय साहेब."

'वाटतंय.' माझ्या विषयात निम्मे ग्रंथ या शब्दावर उभे आहेत. त्याने मागचा मार्ग मोकळा झाल्याचे कळवले नाही. पुढच्या स्टेशनाला फोन करून मालगाडी थांबवायला लावली. तिथल्या मास्तरने मागपर्यंत जाऊन शेवटच्या डब्याचा क्रमांक गार्डकडच्या नोंदीशी ताडून पाहिला. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण स्टेशनवर अजून गार्डच.) तोवर मागच्या स्टेशनात एक्सप्रेस खोळंबली होती, आणि कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता. चढ्या आवाजात विचारणा चालली होती, गाडी का अडवली? सत्तावीस मिनिटे गेली. मालगाडी पूर्ण होती. नुसता दिवा विझलेला होता.

म्हणजे काहीच झालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला. त्याने दोन पाने लिहिली तेव्हा जुन्या सहकाऱ्याने पाने परत केली. "इतिहासाचा पेपर नाही हा, चार ओळी पुरेत." चार ओळी गेल्या आणि विषय मिटला. शाबासकी कोणी दिली नाही. एक्सप्रेसमधल्या झोपलेल्या लोकांना आपण थांबलो होतो हे सकाळी उशीर मोजतानाच कळले असेल, आणि त्यांनी रेल्वेला शिव्या दिल्या असतील. मीही दिल्या असत्या.

वर्गात चांगले शिकवले की एखादे पोर वळून बघते, दहा वर्षांनी रस्त्यात पाया पडते. या कामात यश आले तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानायला कोण येणार? नोकरी बदलताना आपण पगार, बदली, पेन्शन यांचा हिशेब करतो. हा हिशेब कोणी सांगत नाही. त्याला पहिले वर्ष जड गेले ते रात्रपाळीने नव्हे, यानेच गेले, असे माझे मत आहे.

आपल्या भागातली बरीच मुले या वाटेकडे डोळे लावून आहेत, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. पदवी पुरते, परीक्षा मराठीतूनही देता येते. वयाची मर्यादा साधारण तेहतीस, २०२४ च्या जाहिरातीत एकवेळची सूट धरून छत्तीस होती. लेखी परीक्षेनंतर स्टेशन मास्तरसाठी संगणकावर वेगळी कल चाचणी असते. तिच्या प्रत्येक भागात किमान बेचाळीस गुण लागतात, एका भागात पडला की बाकीचे वाया. पण त्याही आधी डोळे तपासा. चष्म्याशिवाय दूरचे ६/९ दिसले पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत. लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेले यात बसत नाहीत. असलेली नोकरी सोडून दोन वर्षे अभ्यास करून शेवटी रंगांच्या ठिपक्यांपाशी अडकलेला एक मुलगा मी पाहिला आहे.

त्याची आई आता झेंड्याचे बोलत नाही. गाडी येताना मुलगा फलाटावर न दिसता आत खोलीत असतो, याचे मात्र तिला वाईट वाटते. पुढच्या महिन्यात त्याची बदली आहे. नव्या स्टेशनावर गाड्या कमी, म्हणून आठऐवजी बारा तासांची पाळी. बायकोने एकच गोष्ट विचारली आहे, जवळपास शाळा कुठली आहे. मुलगी यंदा पहिलीत जाईल. ते बघायला तो रविवारी जाऊन येणार आहे, रजा मिळाली तर.