स्वयंपाकातला 'स्वयं'

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेले साहित्य निवडण्याचे काम तिघांकडे होते. त्या तिघांतला एक मी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने खोलीवर राहून हाताने रांधण्याविषयी लेख दिला होता. पत्र्याची खोली, एक शेगडी, एक पातेले, एक तवा. लेखाचा निम्म्याहून अधिक भाग हिशेबाचा होता: अर्धा लिटर तेल किती दिवस पुरवायचे, ज्वारी एकदम दळून का आणायची नाही, कोणती डाळ भिजवली की किती गॅस वाचतो. शेवटचा परिच्छेद तेवढा आईच्या आठवणीचा होता. आम्ही लेख निवडला आणि हिशेबाचा भाग कंटाळवाणा म्हणून काढून टाकला. छापून आले ते खोलीचे थोडे वर्णन आणि आईचा परिच्छेद. संपादकीयात त्याचे कौतुक 'अभावातही आनंद शोधणारे हळवे लेखन' अशा शब्दांत झाले. कात्री माझ्या हातात होती. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण एवढेच आहे, आणि यात मी ज्यांच्यावर आरोप करणार आहे त्यांत मीही आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आरोप असा: एकट्या माणसाचा रोजचा, काटकसरीचा स्वयंपाक आपल्या साहित्यव्यवहाराला दिसत नाही. दिसलाच तर दोन रूपांत दिसतो. एक तर तो करुण असतो. 'बिचारा हाताने करून खातो' या वाक्यातला. नाहीतर तो व्रत असतो. साधी राहणी, उच्च विचार इत्यादी. दोन्ही ठिकाणी शेगडीवर काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही. पातेल्यावरचे झाकण न उचलताच आपण त्याच्या चवीबद्दल अभिप्राय देतो.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'स्वयंपाक' म्हणजे स्वतः शिजवणे. मराठीत मात्र कोणीही कोणासाठीही रांधले तरी तो स्वयंपाकच, आणि 'स्वयंपाकी' म्हणजे तर पगार घेऊन दुसऱ्यांसाठी रांधणारा. या शब्दाचा जुना अर्थ निराळा होता. दुसऱ्याच्या हातचे न खाणारा, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणारा तो स्वयंपाकी. पण त्या 'स्वयं'मागे स्वावलंबन नव्हते, विटाळाची भीती होती. म्हणजे या शब्दातला 'स्वतः' पूर्वी सोवळ्यात अडकला होता आणि नंतर कुटुंबात हरवला. स्वतःची भूक भागवण्यासाठी स्वतः रांधणारे साधे माणूस त्या शब्दात कधी नीट राहायलाच आले नाही.

परंपरेचा कौल त्याच्या विरुद्धच आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकाचा आशय, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 117 वे सूक्तही एकट्याने खाणाऱ्याला दोषी ठरवते. या वचनांचा संदर्भ यज्ञाचा आणि दानाचा आहे, हे मान्य. ज्याच्यापाशी देण्याजोगे आहे त्याने ते दडपून खाऊ नये, हा त्यातला विचार थोरच आहे. परंतु यज्ञ गेले आणि संस्कार उरला. एका वाटीच्या भाताला उद्देशून आजही विचारले जाते, 'एकट्यासाठी कशाला एवढा घाट?' ज्याच्यापाशी वाटण्याइतके नाहीच, त्याच्यावरही न वाटल्याचा ठपका बसतो.

आता पाकपुस्तकांकडे वळू. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचे आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 सालची. ही पुस्तके थोर आहेत, याबद्दल वाद नाही. वाटी-चमच्याच्या मापाने कमलाबाईंनी अंदाजाचे ज्ञान अनोळखी हातांपर्यंत पोहोचवले. एकट्या राहणाऱ्या कित्येकांना त्यांनीच तारले आहे. पण या पुस्तकांचे गृहीतक कुटुंब हे आहे, आणि एकट्याने प्रमाण निम्मे करावे की झाले, अशी वाचकाची समजूत होते. प्रत्यक्षात तसे होत नाही. फोडणीचे तेल माणसांच्या संख्येवर ठरत नाही, कढईच्या बुडावर ठरते. चौघांच्या आमटीला जेवढे लागते त्याच्या चौथाईत एकट्याची मोहरी तडतडत नाही, करपते. उघड्या पातेल्यात वाटीभर तांदळाला पाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, कारण वाफ होऊन जाणारे पाणी तांदूळ कमी म्हणून कमी होत नाही. कोबीचा गड्डा, नारळ, कोथिंबिरीची जुडी यांतले काहीच एकट्याच्या मापाचे नसते. नारळ फोडला की चार दिवसांचा बेत त्याने ठरवलेला असतो. पिठाची गत तर आणखी अवघड. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण थोडे न्यावे, तर गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे पीठ आपल्या किलोभर ज्वारीत उतरते. माझ्या विद्यार्थ्याने नेमके हेच लिहिले होते. आम्ही ते खोडले.

हे सारे ज्ञान आहे. ते हातात असते, नाकात असते, उद्याचा अदमास घेण्यात असते. आज दोन पोळ्या जास्त लाटल्या तर सकाळी फोडणीची पोळी होते. आज भात उरवला तर सकाळचा गॅस वाचतो. दाण्याचे कूट आणि मेतकूट डब्यात असले तर ज्या रात्री अंगात त्राण नसते त्या रात्री उपाशी झोपावे लागत नाही. एका जेवणात पुढची दोन जेवणे पाहणे, ही या स्वयंपाकाची रीत आहे. कादंबरीच्या रचनेवर पाने भरणाऱ्या समीक्षेला ही रचना ओळखता येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

मराठी आत्मचरित्रांत 'हाताने स्वयंपाक करून शिकलो' हे वाक्य येत नाही असे नाही. ते वारंवार येते. वार लावून जेवलेले, माधुकरी मागितलेले, हाताने रांधलेले दिवस हा मोठ्या माणसाच्या चरित्रातला ठरलेला अध्याय आहे. पण तो अध्याय शिडीच्या पायरीसारखा असतो. नोकरी लागते, लग्न होते, पायरी खाली राहते आणि पुढल्या तीनशे पानांत नायक पुन्हा चुलीपाशी फिरकत नाही. चुलीपाशी कोण बसले, हे अर्पणपत्रिकेत कळते. हाताने रांधण्यात काही शिकण्यासारखे होते, तर ते दिवस पालटताच सोडून का दिले, हा प्रश्न या चरित्रांना आपण कधी विचारलेला नाही.

एकट्या पुरुषाचे एकटेपण कोणाच्या श्रमावर उभे होते, याचे उत्तर गिरणगावात मिळते. कोकणातून, घाटावरून मुंबईला आलेले गिरणी कामगार एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत, आणि जेवत ते खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायका स्वतःच्या चुलीवर दहा-वीस जणांचे रांधत. त्यांची संघटना उभी राहायला 1975 साल उजाडावे लागले. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते त्या वर्षी. कामगाराच्या एकाकीपणावर आपल्याकडे कविता आहे, कथा आहे, नाटक आहे. त्याच्या ताटातली भाकरी मात्र जणू आपोआप भाजली गेली. नेमाड्यांच्या 'कोसला'त (1963) मेसच्या कारभारात पोळून निघणारा सांगवीकर आहे. जेवणाचा हिशेब मराठी कादंबरीत शिरला तो असा, व्यवस्थापनाच्या दाराने. शेगडीच्या दाराने तो क्वचितच आला.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच स्त्रियांच्या एक-तृतीयांशाहून कमी आहे. म्हणून एकट्या पुरुषाच्या स्वयंपाकाचे मी गुणगान करतो आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मी स्वतः एकटा राहतो आणि रोज रांधतो. शेजारच्या काकू सणावाराला झाकलेले ताट पाठवतात आणि 'सर, तुम्ही पोळ्यासुद्धा करता?' असे कौतुकाने विचारतात. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका सहकारी बाईंकडे असे ताट कधी जात नाही. त्यांच्या घरातून मसाल्याचा वास आला तर 'आज कोणी येणार आहे वाटतं?' असा प्रश्न होतो, आणि दोन दिवस वास आला नाही तर 'एकटीचं काय, काहीही खाते' असा शेरा. तीच शेगडी, तीच वाटीभर डाळ. माझे ते कर्तृत्व आणि त्यांचा तो संशय किंवा आळस.

काटकसरीच्या गौरवाबद्दलही बोलले पाहिजे, कारण हल्ली ललित लेखनात त्याला बरे दिवस आले आहेत. पिठले-भाकरी, ठेचा, शिळा भात यांवर ओथंबून लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या घरी शीतकपाट भरलेले असते आणि पिठले हा त्या दिवशीचा बदल असतो. काटकसर म्हणजे हाती असलेल्यातून राखून ठेवणे. जिथे राखायलाच काही नाही तिथे ती टंचाई असते. दोन्हींचे ताट सारखे दिसते म्हणून दोन्हींना एकच विशेषण लावणे हा भाषेचा गैरवापर आहे. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्याखाली प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. एकट्या माणसाचे कार्ड असेल तर घरात येते ते तेवढेच. तीस दिवसांनी भागिले तर दिवसाला सुमारे 166 ग्रॅम, दोन्ही वेळचे मिळून. या आकड्यासमोर 'साधेपणातले सौंदर्य' हे शब्द उच्चारून पाहावेत. शाहू पाटोळे यांनी 2015 साली आपल्या पुस्तकाचे नावच 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे ठेवले. तेला-तुपाशिवायच्या, जातीने नेमून दिलेल्या अन्नाचा तपशील देताना त्यांनी त्याचे गोडवे गायले नाहीत आणि त्याची लाजही बाळगली नाही. पदार्थ कसा करतात ते सांगितले. मला हवी ती रीत हीच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. अन्न ही मुळात सामाजिक गोष्ट आहे; पंगतीची संस्कृती मोडून एकट्याच्या ताटाची आरती ओवाळणे म्हणजे व्यक्तिवादाची भलामण नव्हे काय? पंगतीविषयी मला ममत्व आहे. पण पंगतीत कोणी कुठे बसायचे आणि कोणी बसायचेच नाही, हे ठरलेले असे, याचा विसर पडू देता येत नाही. शिवाय त्याच घरात, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, उरलेसुरले घेऊन चुलीपाशी एकटी जेवणारी बाई होतीच. विधवेला तर एकभुक्त राहण्याचा नियम होता. भरल्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी एकटे जेवत आले आहे. त्या एकटेपणाने पंगतीची संस्कृती मोडली, असे कोणी म्हटले नाही; उलट त्याच्यावरच ती उभी होती. आज एखादी बाई स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मिळकतीतून, स्वतःच्या भुकेच्या वेळी गरम भात वाढून घेते, तेव्हा ती पंगतीतून उठून गेलेली नसते. तिला तिथे पान मांडलेलेच नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती मोठी नाही. आईच्या हातची चव हा विषय आणखी काही वर्षे बाजूला ठेवला तरी मराठी गद्याचे नुकसान होणार नाही. वर्गात ललित निबंध शिकवताना काल रात्री काय शिजवले ते मापांसकट लिहायला सांगावे. तेल किती, वेळ किती, उरले काय आणि त्याचे सकाळी काय झाले. ज्यांनी शिजवले नसेल त्यांनी, कोणी शिजवले आणि ती व्यक्ती किती वाजता जेवली, हे लिहावे. मी हा प्रयोग गेल्या वर्षी केला. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग कोरे कागद घेऊन बसला. आपल्या घरचा स्वयंपाक करणारी व्यक्ती किती वाजता जेवते, हे त्यांना माहीत नव्हते.

त्या विद्यार्थ्याचे मूळ हस्तलिखित माझ्या कपाटात आहे. हिशेबाच्या पानांवर माझ्याच हातच्या तांबड्या रेघा आहेत. अर्धा लिटर तेल त्याने बावीस दिवस पुरवले होते. कसे, ते त्याने दीड पान लिहिले होते, आणि लेखातले सर्वांत चांगले गद्य तेच होते.