आधी मोजणी, मग उपक्रम

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत १९९३ साली एक मोजणी सुरू झाली. कोणत्या घरी बाळ जन्मले, ते जगले का, गेले असेल तर कितव्या दिवशी आणि कशाने गेले, एवढेच टिपायचे होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन वर्षे हेच काम केले. त्यानंतर ८६ पैकी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा उपक्रम सुरू झाला. उरलेल्या ४७ गावांत सरकारी आरोग्यसेवा पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. नोंदी मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे होत राहिल्या.

३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन करत, त्याला ऊब मिळते की नाही ते पाहत, पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जात. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षाअखेर, १९९७-९८ मध्ये, त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी खाली आला होता. जंतुसंसर्ग झालेल्या दर शंभर बाळांपैकी पूर्वी सुमारे १७ दगावत, ते प्रमाण तीनच्या आत आले. दर बाळामागे खर्च आला ५.३ अमेरिकी डॉलर. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ च्या डिसेंबरमध्ये हा अभ्यास छापून आला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला, त्यामागे गडचिरोलीचा हा पुरावा होता.

या कहाणीत ३९ गावांचे कौतुक नेहमी होते. ज्या ४७ गावांत नवे काहीच झाले नाही, त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. ती गावे मोजली नसती तर त्या ६२ टक्क्यांना काहीच आधार राहिला नसता. त्याच तीन वर्षांत पीक चांगले आले असेल, रस्ता झाला असेल, साथ ओसरली असेल, म्हणून बाळे वाचली, असे कोणीही म्हणू शकले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे योजनांचे अनेकदा होते. योजना आली, आकडा सुधारला आणि श्रेय योजनेच्या खात्यावर जमा झाले. फांदी कावळ्यामुळे मोडली की ती आधीच वाळलेली होती, हे कळायला शेजारचे, कावळा न बसलेले झाडही पाहावे लागते.

शिक्षण, प्रशिक्षण आणि आरोग्य यांवरचा सरकारी खर्च लोकांच्या करातून होतो आणि त्याची मोजदादही होते. किती शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, किती शौचालये बांधली, किती लाभार्थ्यांना पोषण आहार पोहोचला, मार्चअखेर किती निधी खर्ची पडला, हे सगळे अहवालात असते. हे आकडे लागतातच, कारण जे पोहोचलेच नाही त्याचा परिणाम होणार कुठून? परंतु ते आकडे फक्त कामाचा व्याप सांगतात. मूल वाचू लागले का, बाळ जगले का, प्रशिक्षण घेतलेल्या हाताला काम मिळाले का, हा हिशेब वेगळा असतो. तो बहुतेक अहवालांत मांडलेलाच नसतो.

या दोन हिशेबांत किती अंतर पडू शकते, ते ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात दिसले. तिथे १०० गावांचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्या गावांत संपूर्ण स्वच्छता अभियानाखाली शौचालये बांधण्यात आली. शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. बांधकामाच्या अहवालात याहून मोठे यश कोणते मागायचे? पण पाच वर्षांखालच्या मुलांमधले अतिसाराचे प्रमाण अभियानाच्या गावांत ८.८ टक्के आणि इतर गावांत ९.१ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ सारखेच. जंतांच्या प्रादुर्भावात किंवा मुलांच्या वाढीतही फरक आढळला नाही. शौचालये उभी राहिली होती, पण वापर अपुरा होता, अनेक घरांत ती नव्हतीच, आणि उघड्यावर जाणे चालूच होते.

महाराष्ट्रातला अनुभव निराळा आहे आणि तितकाच शिकवणारा. २००४ च्या सुमारास अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत स्वच्छता मोहिमेचा असाच अभ्यास योजला होता. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीने निवडली होती. नगर जिल्ह्यात मोहीम प्रत्यक्षात झाली आणि त्या गावांतल्या मुलांची उंची इतर गावांतल्या मुलांच्या तुलनेत स्पष्ट वाढलेली दिसली. नांदेड आणि नंदुरबारच्या निवडलेल्या गावांत मात्र मोहीम राबवलीच गेली नाही. अभ्यासकांनी स्वतःच सावध केले, की तिन्हींत नगर जिल्हा मुळातच सुस्थितीतला होता. तेव्हा नगरचा निकाल जसाच्या तसा सातपुड्यातल्या पाड्यांना लावता येणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते.

शाळेतल्या मूल्यमापनाचा जगभर नावाजलेला एक धडा मुंबईतच मिळाला. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात महापालिका शाळांमधल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन आणि गणित शिकवले जाई. शिकवणारी बालसखी वस्तीतलीच तरुणी असे आणि तिचे मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होते. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची पारख केली. निम्म्या शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही साधली. पहिल्या वर्षी सरासरी गुणांत ०.१४ प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण किती विखुरलेले आहेत, ते सांगणारे माप) वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ती ०.२८ वर, म्हणजे दुपटीवर गेली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीबद्दल.

या अभ्यासाचे मोल त्यातल्या बारकाव्यांत आहे. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्याने मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढली नाही. म्हणजे पटसंख्या घटवणे पुरेसे नव्हते, मुलाच्या पातळीवर येऊन शिकवणे कामी आले. आणि उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा त्या ०.२८ मधले साधारण ०.१० एवढेच उरले होते. उपक्रम उपयोगी होता, पण एकदा देऊन विसरून जाण्यासारखा नव्हता, हे त्यातून कळले. समारोपाच्या दिवशी घेतलेल्या एका चाचणीने हे कळलेच नसते.

प्रशिक्षणांची स्थिती सर्वांत नाजूक आहे. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रशिक्षणार्थींना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांच्या वागण्यात काय बदलले आणि त्या बदलाने शेवटी काय साधले. साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या पायरीवरच थांबतात. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याची नोंद होते.

तिसऱ्या पायरीवर काय घडते, ते बिहारमध्ये पाहिले गेले. तिथल्या सरकारी शिक्षकांना मुलांच्या पातळीनुसार शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. उन्हाळी शिबिरात त्याच शिक्षकांनी शिकवले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शाळा सुरू झाल्यावर मात्र नुसत्या प्रशिक्षणाचा आणि साहित्याचा मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. शिक्षकांना पद्धत येत होती, शिबिरात त्यांनी ती वापरूनही दाखवली होती. पण शाळेच्या दिवसात अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे होते आणि या पद्धतीसाठी वेगळा तास नव्हता. पुढे हरियाणात वेळापत्रकात रोजचा वेगळा तास ठेवला आणि वर्गात जाऊन पाहणारे पर्यवेक्षकही तयार केले, तेव्हा सरकारी शाळेच्या आतही मुलांचे वाचन सुधारले. हे मोजले नसते तर दोष शिक्षकांच्या माथी मारून आणखी एक प्रशिक्षण आखले गेले असते. जे सांगितले ते वर्गात का उतरत नाही, हे विचारल्याशिवाय दिलेले प्रशिक्षण पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखे वाहून जाते.

अपयश उघडपणे मांडण्याचे धाडस हाही या कामाचा भाग आहे. झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत 'एकजुट' संस्थेने बायकांचे गट बांधले. बाळंतपणातल्या अडचणी त्यांनी एकत्र बसून ओळखाव्यात आणि त्यांवर स्वतःच तोड काढावी, अशी कल्पना होती. २००५ ते २००८ या तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी राहिला. साधारण त्याच काळात मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'स्नेहा' संस्था याच वाटेने काम करत होती. ४८ वस्त्यांपैकी निम्म्यांत महिलांचे गट होते. तिथे गरोदरपणातली तपासणी, दवाखान्यातले बाळंतपण, बाळांचे जगणे यांपैकी कशातही गटांमुळे सुधारणा दिसली नाही. संस्थेने आणि तिच्यासोबतच्या संशोधकांनी हा निकाल २०१२ मध्ये जसा होता तसा प्रसिद्ध केला. आपल्याच कष्टांविषयी असे लिहायला मोठे मन लागते. आदिवासी गावात तारणारी गोष्ट शहरी वस्तीत तशीच चालेल असे धरून चालू नये, हे त्या प्रामाणिकपणामुळे इतरांना कळले.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप घेतला जातो. काही गावांना योजना द्यायची आणि काहींना वंचित ठेवायचे, हा अन्याय नाही का? ज्या उपायाचा गुण सिद्ध झाला आहे, तो कोणापासूनही रोखू नये, हे खरेच आहे. पण ज्याचा गुण अजून ठाऊक नाही, अशा योजनेची गोष्ट वेगळी. शिवाय पैसा आणि माणसे अपुरी असल्याने बहुतेक योजना तसेही टप्प्याटप्प्यानेच पोहोचतात. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांसाठी प्रोग्रेसा ही योजना आणली. अभ्यासासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती आधी सुरू केली, १८६ गावांत नंतर, आणि आधी कोण हे यादृच्छिक निवडीने ठरवले. कोणाचा वशिला चालला नाही, सर्वांना योजना मिळाली आणि दोन गटांच्या तुलनेतून तिचे फळही कळले. आपल्याकडे 'पहिला टप्पा' ठरतोच, तो वशिल्याऐवजी चिठ्ठीने ठरवला तर न्याय आणि ज्ञान दोन्ही साधतील.

महाराष्ट्राला याची निकड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर उतरले आणि २०१९-२० मध्ये ३५.२ टक्के नोंदले गेले. दहा वर्षे मोठी घसरण आणि मग थबकलेला आकडा. या काळात राज्यात पोषणाच्या अनेक योजना चालल्या. त्यांपैकी कोणत्या योजनेने मुलांची वाढ सुधारली आणि कोणती निष्फळ ठरली? जी योजना सगळीकडे एकाच वेळी, आधीची मोजणी न करता सुरू होते, तिचा वाटा मागाहून वेगळा काढणे जवळपास अशक्य असते.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी तीन गोष्टींची असायला हवी. शिक्षण, कौशल्य किंवा आरोग्याची कोणतीही मोठी योजना सुरू होण्याआधी सद्यस्थितीची मोजणी व्हावी आणि टप्पे चिठ्ठीने ठरावेत. योजना राबवणाऱ्या खात्याने स्वतःच तिचा निकाल ठरवू नये. ज्या अंगणवाडी सेविकेला कुपोषित मुलांची संख्या वाढली म्हणून जाब विचारला जातो, तिच्याच वहीवर सगळा भरवसा ठेवणे तिच्यावरही अन्यायाचे आहे आणि मुलांवरही. आणि निकाल वाईट निघाला तरी तो ठरलेल्या मुदतीत लोकांपुढे यावा. अयशस्वी योजना थांबवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढी हमी सरकारने द्यावी.

हे नागरिकांच्या आवाक्याबाहेरचे नाही. 'असर' पाहणीत २००५ पासून स्वयंसेवक खेड्यांत घरोघरी जाऊन मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुले तो वाचू शकली. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीतल्या तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या पालकांनी पुढच्या बैठकीत कोणते उपक्रम झाले याची यादी ऐकावी आणि मग विचारावे: जूनमध्ये आपल्या पाचवीतली किती मुले दुसरीचा उतारा वाचत होती आणि आज किती वाचतात? हे दोन आकडे शाळेच्या फळ्यावर लिहिले जाईपर्यंत हा प्रश्न दर बैठकीत विचारत राहावा.