शस्त्राची धास्ती आणि विलंबाची किंमत

मानवी देहात ज्या ज्या ठिकाणी कर्करोग होतो, त्यांपैकी बहुतेक ठिकाणे डोळ्यांआड असतात. जठर, यकृत किंवा फुप्फुस यांत काय चालले आहे हे कळण्यासाठी यंत्रांचे साहाय्य घ्यावे लागते. तोंडाचे तसे नाही. आरसा, पुरेसा उजेड आणि दोन मिनिटांची सवड एवढ्या सामग्रीवर गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ आणि टाळू पाहता येतात. असे असूनही तोंडाच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण शल्यविशारदापुढे येतात, ते रोग जबड्यात शिरल्यावर किंवा मानेत गाठी उतरल्यावर. जो रोग सर्वांत आधी दिसावयास हवा, तोच सर्वांत उशिरा दाखविला जातो. या विसंगतीचा विचार नाशिकसारख्या जिल्ह्याने तरी आता गंभीरपणे करावयास हवा.

तंबाखूशी या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. सिन्नरच्या विड्यांवर कित्येक कुटुंबांच्या चुली पेटल्या. शेतात, कारखान्यात आणि मालमोटारीवर चुना लावून मळलेली चिमूट श्रमाची सोबतीण झाली, आणि घरात मिश्रीच्या रूपाने ती बायकांच्या दातांपर्यंत पोहोचली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तथापि बंदी हुकमात राहिली आणि पुडी खिशात. सुपारीचा दोषही कमी नाही. तिच्या सेवनाने गालाची त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच करून ठेवले आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तो धोक्याचा इशारा समजावा, इतकी ही परीक्षा सोपी आहे.

मग माणसे येत का नाहीत? दारिद्र्य आणि अज्ञान ही दोन ठरावीक उत्तरे अर्धवट आहेत. खरे कारण शस्त्राची धास्ती हे आहे. 'गाठीला हात लावला की ती चवताळते', 'चाकू लागला की रोग पसरतो' ही वाक्ये पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जशी ऐकू येतात, तशीच शहरातील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही ऐकू येतात. या भीतीला हसून चालणार नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. गावातल्या कोणाचा तरी अर्धा जबडा काढलेला, बोलणे अस्पष्ट झालेले, नाकातल्या नळीवाटे पेज घेणारा चेहरा प्रत्येकाने पाहिलेला असतो. आणि एवढे सोसूनही वर्षाच्या आत तो माणूस गेलेला असतो. शस्त्रक्रियेने त्याला मारले, असा निष्कर्ष गाव काढते.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे समजावून सांगण्याचे काम आजवर कोणी मनापासून केलेले नाही. गावाने जी पाहिली ती विलंबाची शस्त्रक्रिया होती. जिभेच्या कडेवरील दोन सेंटिमीटरांहून लहान व्रण वेळीच काढला, तर शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. थोड्याच दिवसांत रुग्ण घरी जातो, जेवतो आणि बोलतो. अशा प्रारंभिक अवस्थेतील बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच व्रण सहा महिने मलमावर, गुळण्यांवर आणि अंगाऱ्यावर काढला, म्हणजे जबड्याचे हाड, जिभेचा मोठा भाग आणि मानेतील गाठी काढणे, त्यावर किरणोपचार, आणि एवढे करूनही जगण्याची शाश्वती निम्म्याहून कमी, असा हिशेब होतो. शस्त्राला भिऊन माणूस थांबतो आणि त्या थांबण्यानेच शस्त्र मोठे होते.

वाट पाहण्याची किंमत शल्यविशारदांनाही मोजून पाहावी लागली. मानेत गाठ हाताला लागत नसताना मान उघडावी, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा त्यांच्यातला जुना वाद. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ येण्याची वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तज्ज्ञांच्या नजरेखाली केलेला विलंबही जर एवढा महाग पडतो, तर नजरेआडच्या विलंबाची कल्पनाच केलेली बरी.

चेहरा जाईल ही भीती आजच्या शल्यविद्येने पुष्कळ अंशी कमी केली आहे. शूर्पणखेच्या नासिकेवरून ज्या नगरीचे नाव पडले असे परंपरा सांगते, तेथे हे सांगणे अप्रस्तुत होऊ नये. पुण्याजवळ एका कुंभाराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडविले आणि त्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. कपाळाची तीच त्वचा विसाव्या शतकात कर्करोगाने गमावलेला गाल सांधण्यास उपयोगी पडली. पुढे १९७९ पासून छातीचा स्नायू आणि १९८९ पासून पायातील बारीक हाड वापरून जबडा उभारण्याच्या पद्धती रूढ झाल्या.

घशाच्या बाबतीत धास्ती असते ती आवाजाची. स्वरयंत्र समूळ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बिलरोथ यांनी १८७३ साली व्हिएन्ना येथे केली, तेव्हापासून ती माणसाला मुका करणारी शस्त्रक्रिया म्हणून ओळखली गेली. परंतु स्वररज्जूवरचा लहान रोग आज लेसरने किंवा केवळ किरणोपचाराने बरा होतो आणि आवाज शाबूत राहतो. वाढलेल्या रोगातही काही रुग्णांत औषधे आणि किरण यांच्या साहाय्याने स्वरयंत्र वाचविता येते, हे १९९१ पासून सिद्ध झाले आहे. ज्यांचे स्वरयंत्र काढावेच लागते, त्यांना १९८० साली निघालेल्या लहानशा झडपेमुळे पुन्हा बोलता येते. अट एकच: तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिलेला आवाज थंडीवर ढकलून देता कामा नये.

एके काळी नाशिकच्या रुग्णाला पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरावे लागे आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर बिऱ्हाड मांडावे लागे. १९४१ साली उघडलेल्या त्या संस्थेने साऱ्या देशाचा भार वाहिला. आता कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार नाशिक शहरातही होतात, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्चाचा मोठा भाग निघतो. पण योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. बुडालेल्या मजुरीचे, सोबत राहणाऱ्या माणसाच्या जेवणाचे आणि गिळावयास व बोलावयास पुन्हा शिकविणाऱ्या तज्ज्ञाचे देत नाही. नाशिक-परळ हे अंतर मिटले, सुरगाणा-नाशिक हे अंतर तसेच राहिले. उपचारानंतरचे वर्षही उपचारातच धरले जावयास हवे.

उपाय अज्ञात नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली आणि तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली जगापुढे आले. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा पाहावे, असे केंद्र सरकारनेही २०१६ साली ठरविले. आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दंतवैद्य अशी साखळी कागदावर आहे. उणीव आहे ती शेवटच्या कडीची: पांढरा किंवा लाल चट्टा सापडलेल्या माणसाला तारीख देऊन, गाडीत बसवून, तुकड्याच्या तपासणीपर्यंत आणि तेथून शल्यविशारदापर्यंत नेण्याची.

अशाने रुग्णालयांवर लोंढा येईल, हा आक्षेप वरवरचा आहे. जबडा काढून नवा उभारण्याच्या एका शस्त्रक्रियेस दोन पथके आणि अख्खा दिवस लागतो. तेवढ्या वेळात लहान व्रणांच्या कितीतरी शस्त्रक्रिया होतात. लवकर शोध हाच शल्यविशारदाचा वेळ वाचविण्याचा मार्ग आहे.

या रोगाला हुद्दा कळत नाही. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांना तो २०१५ साली घेऊन गेला. शरद पवार यांच्यावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती लपविली नाही, उलट तंबाखू-सुपारीविरुद्ध जाहीरपणे सांगितले. शस्त्रक्रियेनंतर कामाला लागलेली अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. पण गावाच्या स्मरणात राहतो तो मेलेला शेजारी. जिल्हा परिषदेने आणि वैद्यकीय संघटनांनी या जगलेल्या माणसांना आठवडे-बाजारात आणि ग्रामसभेत बोलते करावे. शस्त्राची धास्ती भित्तिपत्रकांनी जाणार नाही. तीच शस्त्रक्रिया होऊन गेलेला माणूस समोर उभा राहून बोलू लागला, म्हणजे ती जाईल.