घरकुल आपलं, मग हात ठेकेदाराचे कशाला?



घरकुलाची यादी लागली की दुसऱ्या दिवशी पाड्यावर ठेकेदाराची मोटारसायकल येते. "सही कर, पासबुक दे, घर उभं करून देतो." हप्ते त्याच्याकडे जातात, भिंत छातीएवढी होते, आणि काम थांबतं. पावसाळा आपण प्लास्टिकखाली काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घरकुल ठेकेदाराला द्यायचं नाही. सिमेंटचे ब्लॉक आणि छपराच्या तयार फळ्या आपण पाड्यावरच बनवू शकतो.

प्रधानमंत्री घरकुलाला सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार मिळतात. रोजगार हमीची 90-95 दिवसांची मजुरी वेगळी. घर किमान 25 चौरस मीटरचं पाहिजे. एवढ्या पैशात दुसऱ्याचा नफा बसतच नाही. आणि योजनेच्या नियमातच आहे की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदार लावायचा नाही. हे आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही.

दिवाळीनंतर आपली माणसं उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. साच्याचं काम आपल्याला नवं नाही. 40 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद-उंच असा एक ब्लॉक सात-आठ विटांची जागा भरतो. भट्टी लागत नाही, लाकूड जळत नाही. पण ब्लॉकला किमान 14 दिवस पाणी पाजलं पाहिजे, मग नीट सुकवला पाहिजे. म्हणून काम मे महिन्यात नको, पावसाळा संपल्याबरोबर झऱ्याला पाणी असतानाच सुरू करावं.

ओतीव स्लॅबला सेंट्रिंगचं भाडं जातं. त्यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं पद्धत काढली आहे. सळई घालून फूटभर रुंद, जास्तीत जास्त दीड मीटर लांब फळ्या जमिनीवरच ओतायच्या. त्या दोघं जण उचलतात. सिमेंटच्या तुळयांवर फळ्या मांडायच्या, वर सळया टाकून काँक्रीटचा थर द्यायचा.

हा थर आणि सळई वाचवायची नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसतायत. कुडाचं घर हलकं, ते हलतं पण माणसाला चिरडत नाही. ब्लॉकचं घर जड. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जड दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. म्हणून जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली भिंतीभोवती सळईचा पट्टा फिरलाच पाहिजे, आणि कोपऱ्यात उभी सळई पाहिजे. ठेकेदार पहिल्यांदा हेच खातो, कारण प्लास्टर झाल्यावर ते दिसत नाही. आपल्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर आपण बांधलं तर आपण खाणार नाही.

राहिला जमिनीचा प्रश्न. "सातबारा नाही, वनजमीन आहे, घरकुल बसत नाही," असं सांगून परत पाठवतात. ऐकून गप्प बसू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात कसण्याचा तसा राहण्याचाही हक्क आहे, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी अधिसूचना काढून शेजारच्या वनजमिनीवर घरासाठी वाट केली. तोंडी नकार घेऊ नका, लेखी मागा.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. घरकुलात ठेकेदार नको. पेसाच्या अबंध निधीतून ब्लॉकचे आणि फळ्यांचे साचे घ्यावेत, ते गावाच्या मालकीचे राहतील. पाड्यातल्या पोरापोरींना गवंडीकामाचं शिक्षण मिळावं. आणि बायांनी पुढं बसावं, चूल कुठं आणि खिडकी कुठं हे त्यांनी सांगावं.

दुसऱ्यांच्या बिल्डिंगा आपल्या विटांवर उभ्या आहेत. आता आपली घरं आपल्या हातानं उभी करू.

जिंदाबाद!